चादरींच्या खोलीतलं इंग्रजी

४ जून

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या चष्म्याच्या दुकानात गर्दी असेल, तरी हे नीट वाच. माझी पाठ कामातून गेली. नर्स म्हणून बावीस वर्षं वॉर्डात माणसं उचलली, आता डॉक्टर म्हणतात उशीसुद्धा उचलू नका. मेट्रनबाईंनी एक वाट काढली आहे. पेशंटच्या नातेवाइकांना फोनवर तब्येत सांगायची जागा रिकामी आहे. पण बरेचसे फोन लांबून येतात, तेही इंग्रजीत. महिन्याने तोंडी परीक्षा आहे. नापास झाले की घरी.

तुझ्या भाचीने माझ्या फोनवर उच्चार शिकवणारं ॲप घालून दिलंय. आपण वाक्य म्हणायचं. चुकलेला शब्द लाल होतो, बरोबर आला की हिरवा. पहिल्याच दिवशी 'पेशंट' लाल! बावीस वर्षं ज्यांचं केलं, त्यांचं नावही मला धड घेता येत नाही म्हणे. घरी लाज वाटते, म्हणून दुपारच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत दार लावून बसते. ओठ दातांखाली धरायचा 'व' वेगळा आणि ओठांचा चंबू करायचा वेगळा, हे या वयात कळलं. हसू नकोस.

डोळ्यांना जप, माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसलो नाही. तुझं ते 'हसू नकोस' वाचलं आणि शाळा आठवली. शाळेच्या कार्यक्रमात तू इंग्रजी कविता म्हणताना अडखळलीस, तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मी. मग अख्खी शाळा हसली. घरी येऊन तू आईला एका शब्दाने सांगितलं नाहीस, पण त्यानंतर चारचौघांत इंग्रजी बोलायला तोंडही उघडलं नाहीस. मला सगळं कळत होतं. माफी मागायला पस्तीस वर्षं लागली, तुझा भाऊ किती हुशार बघ. ताई, चुकलो.

माझ्याकडे नंबर काढायला येतात ना, त्यांना अक्षर दिसलं नाही की माझीच माफी मागतात. मी म्हणतो, यात तुमचा काय गुन्हा? तुलाही तेच सांगतो. आणि चादरी काही दाद द्यायच्या नाहीत. भाचीला समोर बसव.

पाठ शेकत जा. आशीर्वाद आणि रागावणं, दोन्ही चालू असू दे.

तुझा बारक्या

८ जुलै

चि. बारक्यास आशीर्वाद.

पास झाले! तुझं ऐकून लेकीला समोर बसवलं. ती हसली, मी रागावले, मग रोज मुकाट्याने बसू लागली. परीक्षा घ्यायला मेट्रनबाई धरून तिघं होते. मी एक वाक्य म्हणायची आणि थांबायची, पुढचं म्हणायची आणि पुन्हा थांबायची. शेवटी मेट्रनबाईंनी विचारलं, की मधेमधे कशाची वाट बघता? मी खरं तेच सांगितलं, हिरवं व्हायची. तिघंही खो खो हसले, आणि बारक्या, मीही हसले. मेट्रनबाई म्हणाल्या, की अशाच थांबत जा, घाबरलेल्या माणसाला घाईत सांगितलेलं कळत नाही.

शाळेतलं मी विसरले नव्हते, खोटं कशाला बोलू? बाकी शाळेचं काही नाही, तू हसलास त्याचं लागलं होतं. तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा रडले. आता तो विषय संपला.

काल पहिला फोन घेतला. एक म्हातारे गृहस्थ होते, बायकोचं ऑपरेशन झालेलं. मी सांगितलं, की त्या शुद्धीवर आल्यात, दोन चमचे पाणी प्यायल्या, तुमची चौकशी केली. ते म्हणाले, पुन्हा सांगा. वाटलं, गेली नोकरी. ओठ, जीभ सगळं जागेवर आणून सावकाश सांगितलं. ते म्हणाले, अजून एकदा. मी रडकुंडीला आले. माझं इंग्रजी जरा कच्चं आहे, माफ करा म्हटलं.

तर ते म्हणाले, की पहिल्या वेळीच सगळं कळलं होतं, नुसतं पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

मग मी तिसऱ्यांदा सांगितलं.

लोभ वाढता राहो.

तुझी ताई