साखरचौथीची तारीख

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगते. लोक म्हणतात माणूस गेला की राग विरतो. माझा विरला नाही. उलट यंदा गणपतीच्या दिवसांत तो नव्याने उफाळून आला, तेही एका यंत्रामुळे. तुम्हाला कॉम्प्युटरचं काहीच कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं, म्हणून साध्या शब्दांत सांगते. तुमच्या कारखान्याचं गणपतीचं बुकिंग आता कॉम्प्युटरवर होतं आणि तो प्रोग्राम मी लिहिला आहे. होय, मी. दादा दोन वर्षं नको नको म्हणत होता, मग कंटाळून हो म्हणाला. पेणच्या ज्या कारखान्यात मला चहा देण्यापलीकडे काम नव्हतं, तिथे शेवटी माझी म्हणून एक जागा झाली होती. ती जागा राहते की जाते, यावरच यंदा सगळं येऊन ठेपलं.

तुमचा अंगठा मला आठवतो. मी सातवी-आठवीत असेन. दुपारची वेळ, कारागीर जेवायला गेलेले, आणि मी शाडूच्या मातीतून गणपतीचा आशीर्वादाचा हात घडवते आहे. बोटं सुटी केली आहेत, तळव्याला पाणी लावून तो गुळगुळीत केला आहे. तुम्ही मागून येता, क्षणभर बघता आणि एक शब्द न बोलता अंगठ्याने तो हात चेपून सपाट करता. मी विचारते, "काय चुकलं?" तुम्ही म्हणता, "तुला दिसत नाय, तर सांगून काय उपयोग?" आणि माती पुन्हा गोळ्यात टाकता. हे एकदा नाही झालं. दादाच्या हातचं बिघडलं की तुम्ही त्याच्या शेजारी बसून दाखवत होतात, त्याच्या डोक्यात टपली मारून का होईना, पण दाखवत होतात. माझं फक्त मोडत होतात. मग मी माती सोडली, कॉम्प्युटर शिकले, लग्न होऊन रोह्याला आले आणि तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीत प्रोग्राम लिहायला लागले. तिथे चूक झाली की निदान स्क्रीनवर लाल अक्षरांत कुठल्या ओळीत झाली ते येतं. मला ते फार आवडलं होतं.

आता तेही गेलं. आता आम्हा सगळ्यांच्या हाताशी एक एआय मदतनीस दिला आहे. आपण प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवायचा, अडतंय कुठे ते सांगायचं, आणि तो चूक शोधून दुरुस्त करून देतो. फार गोड बोलतो. आधी तुमचं कौतुक करतो, मग तुमचं काम बदलून टाकतो. कंपनीतले साहेब त्याच्यावर खूश आहेत, कारण तो सुट्टी मागत नाही. मीही वापरते, नाटक कशाला करू? यंदा चतुर्थीला आठवडा राहिला असताना दादाचा फोन आला की लोकांना मेसेज जाताजाता मध्येच थांबताहेत. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, गाड्या भरताहेत, आणि निम्म्या घरांना त्यांचा गणपती कधी न्यायचा ते कळलेलं नाही. मी रोह्याला कंपनीत होते, शिफ्ट संपायची होती. मदतनिसाला सांगितलं, बघ काय झालंय. माझं पाणी पिऊन होईपर्यंत त्याने उत्तर दिलं. "काही नोंदींत चतुर्थीनंतरच्या तारखा चुकून पडल्या आहेत, त्यामुळे प्रोग्राम अडतो आहे. त्या तारखा मी चतुर्थीवर आणल्या आहेत, आता सगळं सुरळीत चालेल." मी 'ठीक' दाबलं. मेसेज सटासट गेले. दादाने फोन करून शाबासकी दिली, आणि शिफ्ट संपवून पेणला निघालेली मी गाडीत निडी स्टेशन येईपर्यंत खूश होते. तिथे त्याचा दुसरा फोन आला, त्या तारखा चुकून पडलेल्या नव्हत्या.

त्या तारखा कुठल्या होत्या ते तुम्हाला सांगायला नको. साखरचौथीच्या होत्या. ज्या घरात सुतक पडलं, त्या घराचा गणपती चतुर्थीला बसत नाही, अनंत चतुर्दशी झाल्यावरच्या संकष्टीला बसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दादाने त्या घरांच्या तारखा नीट टाकल्या होत्या. चूक त्यांत नव्हतीच, चूक माझ्या प्रोग्रामच्या दिवस मोजण्यात होती. आणि त्या सगळ्या दुखवट्याच्या घरांत मेसेज गेला, "आपले बाप्पा तयार आहेत. वाजतगाजत न्यायला या!"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कारखान्यात होते. खाडीकाठच्या खारेपाटातून एक म्हातारी आली, मिठागरावर जन्म गेलेली. तिच्या घरचा गणपती तिच्या सासऱ्यापासून आपल्याकडचा. तिचा मुलगा गेला होता, दिवसही झाले नव्हते. सुतक म्हणून ती मूर्तींच्या जवळ आली नाही, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "आमचे घरान जवान मानूस गेलाय, आन तुमी सांगताव वाजतगाजत या?" सगळा कारखाना थांबला. दादा हात जोडून बाहेर गेला, म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरची चूक झाली." ती म्हणाली, "कंप्युटर कुनाचा हाय?" मी पुढे झाले. "माझा. मेसेज मी पाठवला." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुजा बापूस आसता त सोता घरा येऊन इचारला आसता. आमचा पाट द्या." त्यांच्या घरचा पाट, ज्यावर दर वर्षी त्यांची मूर्ती बसते, तो अक्षय्यतृतीयेपासून आपल्याकडे होता. तिच्या शेजाऱ्याने आत येऊन तो नेला.

बाबा, तेव्हा तुमचा जेवढा राग आला तेवढा त्या मदतनिसाचाही आला नाही. खारेपाटातल्या प्रत्येक दुखवट्याच्या घरी तुम्ही स्वतः जात होतात, ओटीवर बसून गणपती कधी बसवणार ते हलक्या आवाजात विचारत होतात, हे मला त्या दिवशी कळलं. परक्यांच्या घरी एवढी माया होती, मग माझ्या वाटणीला तो अंगठाच का आला? आणि तो दीडशहाणा मदतनीस! घरी येऊन मी त्याला लिहिलं की त्या साखरचौथीच्या तारखा होत्या. लगेच म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, मी दिलगीर आहे, आणि वर साखरचौथ म्हणजे काय, रायगडात ती कुठे कुठे पाळतात, यावर मलाच निबंध लिहून दिला. म्हणजे त्याला माहीत होतं! माहीत असून त्याने विचारलं नाही. तुम्ही जन्मात कधी माझी माफी मागितली नाहीत, हा ऊठसूट मागतो, आणि तुम्हा दोघांपैकी एकालाही मला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही. मी न वाचता 'ठीक' दाबलं हे मला कळतं. ते माझं मी बघेन.

दादा संध्याकाळी म्हणाला, "राहू दे आता ते सगळं. मी फोनवर बघून घेतो." चढ्या आवाजात नाही, अगदी समजुतीने. मी म्हटलं, "नाही राहू देणार. मोडायचं असेल तर आधी काय चुकलं ते समोर बसून सांग." त्याच्याशी कुणी असं बोललं नसेल, निदान मी तरी नाही. मग म्हणाला, "मेसेज गेला ती गोष्ट वेगळी. दुखवट्याच्या घरी मेसेज पाठवायचाच नसतो. जावं लागतं. तू जाशील?" मी गेले. त्या दिवस मोजण्याची चूकही मीच शोधली, मदतनीस बंद ठेवून, एकेक ओळ वाचत. हे पत्रही त्याला दाखवणार नाही, तो लगेच यातला राग काढून नीटनेटकं करून देईल. तसं हे दादालाही दाखवायचं नाही. राहील कपाटात.

बाकीच्या घरांनी समजून घेतलं. त्या म्हातारीकडे मी तेरावं झाल्यावर परवा गेले. तिने ओटीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पाटाचा विषय आधीच तोडून टाकला, "यंदा दिला तो दिला दुसरीकडं. पुडल्या वर्साला बगू." मग मुलाबद्दल बोलत राहिली. तो मिठाची पोती कशी एकट्याने उचलायचा, शेवटच्या दिवशी जेवला काय. मी ऐकत होते. निघताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तुजा बापूस गेला, त्या वर्साला तुमचा गनपती पन साखरचौथीलाच बसला नं गो?"

"व्हय."

"लय रडली आसशील."

मी पुन्हा "व्हय" म्हटलं, आणि ते खोटं होतं. त्या वर्षी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, बाबा. रडू मला परवा आलं, त्या ओटीवरून उतरताना, आणि ते तुमच्यासाठी होतं असं मी अजूनही म्हणणार नाही.