वाई पुण्यावरूनच

गुरुवार, ८ जानेवारी
थंडी. अनंत माकडटोपी घालून मेट्रोला गेला. बँकेने बदली करून इथे कोलकात्यात, डमडमला पाठवलं त्याला तीन वर्षं झाली. लेक पुरता बंगाली झालाय, मासे तेवढे राहिलेत.
चारला सुशी. धाकटी बहीण माझी, वाईला एकटी असते. सून मीरा चारला कप घेऊन गच्चीत पाय मोकळे करायला जाते, तेवढ्यात तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आमचं बोलणं. फोनवर सुशी बोटभर दिसते, इथे ताटाएवढी. आज नवी कवळी दाखवली. दोनदा.
मी सांगते, मीरा लिहिते. मला अक्षर येत नाही. पण काही गाळलं तर कळतं, रविवारी अनंतकडून वाचून घेते.

शुक्रवार, ९ जाने.
मीराला पुण्याहून ऑफिसची मेल. दोन आठवडे झाले, चारच्या सुमाराला हिची लाइन तुटते. एकदा तर पाऊण तास. बाई काम टाकून जातात कुठे? घरून काम करायची परवानगी चालू ठेवायची का, बघू म्हणतात. बंद झाली तर पुणं.
संध्याकाळी घरी आल्या आल्या अनंत म्हणाला, वीज गेली म्हणून सांग. मीरा म्हणाली, रोज चारलाच?
आधीची दोन वर्षं ती पुण्याला खोली घेऊन राहिली, आम्ही तिघं इथे. नात तन्वी तेव्हा बारावीला. माझी खिचडी खाऊन पास झाली बिचारी. पुन्हा ते नको.
आज एवढंच. झोप येते.
(आत्ता सात वाजलेत. — मीरा)

शनिवार, १०
मीराला विचारलं, लाइन म्हणजे काय. पोळ्या लाटता लाटता सांगितलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात कुलूप आहे. ते हिरवं असलं की आतून निघेल ते सगळं एका बंद नळीतून आधी पुण्याच्या ऑफिसात जातं, मग पुढे. कामही, आणि सुशीमावशीही. म्हणून तिचा चेहरा अडकतो.
मी म्हटलं, "वाईला पुण्यावरूनच जायचं असतं. मग अडायला काय झालं?"
लाटणं थांबलं.
हसलो दोघी. चारला सुशीला लावला नाही. डोकं दुखतंय म्हणाले.

सोमवार, १२
मीरा, आता सांगते ते लिही. थांबू नकोस, वर बघू नकोस.
नाताळच्या आसपास सुशी अडकली. तोंड उघडं, डोळे मिटलेले. मी घाबरले, हाका मारल्या. कोपऱ्यात ते हिरवं कुलूप होतं, ते दाबलं. राखाडी झालं आणि सुशी बोलायला लागली, अर्ध्या वाक्यातून. तेव्हापासून रोज आधी कुलूप दाबते. वाचता येत नाही, पण कुठलं चित्र दाबलं की माणूस हलतं ते मला कळतं. बोलणं झालं की परत हिरवं करते. एकदा विसरले. सुशीची मांजर गेली त्या दिवशी. पाऊण तास तो.
शुक्रवारीच सांगायला हवं होतं. झोपबीप काही आली नव्हती.
मीराने सगळं लिहिलं. वाच म्हटलं, तर वाचलंही. मग कुकर लावायला उठली. कुकर मघाशीच झाला होता.

मंगळवार, १३
सकाळी चहाचा कप ठेवून तशीच आत गेली. चहात आलं मात्र होतं.
दुपारी म्हणाली, "आई, लॅपटॉप मीच दिला ना तुम्हाला. तो घरात कुणाला द्यायचा नसतो. ते पण कळवावं लागेल."
अनंतचं अजून विजेचंच चाललंय. मी म्हटलं, साहेबांशी मी बोलते. मीरा म्हणाली, मग दोघींनाही काढतील. तेव्हा कुठे हसली.
खरं तेच लिहिलं तिने. आणि विचारलं, कामाचं तेवढं नळीतून आणि बाकीचं सरळ, असं करून मिळेल का. तासाभरात उत्तर. त्या मशीनवर तशी वाटणी होणार नाही, नियम आहे. परवानगीचं वरचे साहेब सोमवारपर्यंत कळवतील.

बुधवार, १४. संक्रांत
तिळगूळ इथल्या नोलेन गुळाचा, म्हणजे खजुराच्या. लाडू वळले की बसकण मारतात. चवीला बरे.
मीराने घरचं वेगळं केलं. तन्वी होस्टेलला गेल्यापासून तिचा जुना लॅपटॉप कपाटात होता, तो काढला. त्याला कुलूप नाही, नळी नाही. वाय-फायही दोन केले, एक ऑफिसचा, एक घरचा. म्हणजे सोवळ्यातला हंडा, म्हटलं, आपण शिवायचं नाही. म्हणाली, अगदी तसंच. माझ्या सासूबाईंनी पाळायला लावलं, आता सून लावते.
दोन्ही लॅपटॉप काळेच. तन्वीच्याला पाठीवर माझी लाल टिकली लावली.
चारला सुशी. एकदाही अडकली नाही. सगळं ऐकावं लागलं.

शनिवार, १७
पुण्याहून काही नाही. आज सुट्टी, तरी मीरा सारखी मेल उघडते. हल्ली चारला गच्चीत जात नाही. कप टेबलावर, दार लोटलेलं. आधी गच्चीतून परत आली की सुशीला हात करायची, दोन शब्द बोलायची. सुशी विचारते, मीरा रुसली का माझ्यावर. म्हटलं, तुझ्यावर कशाला.

सोमवार, १९
सोमवार संपत आला. मेल नाही.
सकाळी मीराने माळ्यावरून निळी बॅग काढली, पुण्याला असतानाची. धूळ बसली होती म्हणे. पुसून उन्हात ठेवली. ती कामाला बसल्यावर मी गोधडीसाठी साठवलेल्या जुन्या साड्या त्यात भरल्या, वर तन्वीचे दोन स्वेटर. चेन लागेना. वर बसून लावली.
आत्ता लिहिताना तिचं लक्ष गेलं. उचलून बघितली.
"आई, ही बॅग लागली तर?"
लागली तर रिकामी करीन म्हटलं. एकेक साडी उलगडून, घडी घालून. हळूहळू होतं माझं सगळं.
लिही, थांबलीस का.