हूडची डावी बाजू

३ सप्टेंबर
आज फ्लाइंग स्कूलच्या ट्विन विमानावर बसलो. दोन इंजिनं! दोन थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दांडे, एका मुठीत मावतील का असं वाटलेलं. मावले.

तीन हजार फुटांवर आमच्या इन्स्ट्रक्टर प्रियदर्शनी मॅडमनी न सांगता एक थ्रॉटल मागं ओढला. विमान लगेच डावीकडं ओढायला लागलं. मी उजव्या पायानं पेडल दाबून सरळ केलं. "कुठलं गेलं?" म्हणाल्या. डावा पाय रिकामा होता, म्हणजे डावं. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं. बरोबर आलं, पहिल्याच फटक्यात.

मॅडम नाशिकच्या. मी "आलो मॅडम" म्हटलं की हसतात. "मुलगी आहेस ना? मग आलो काय?" म्हटलं, कोल्हापुरात पोरी अशाच बोलत्यात.

जेवताना पप्पांनी विचारलं, "एक बंद पडलं तर?"
"दुसऱ्यावर चालतंय की."
"एकावर चालतंय तर दुसरं कशाला लावलंय?"
मी आमटी वाढून घेतली.

५ सप्टेंबर
आजपासून हूड. म्हणजे लांब चोचीची टोपी. ती घातली की बाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरचे डायल. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आपण ढगात आहोत असं धरायचं. सुया सांगतील तसं रनवेकडं उतरत यायचं (ह्याला अप्रोच म्हणायचं) आणि ठरलेल्या उंचीवर मॅडम म्हणतात, "काढ." मग रनवे कुठं आहे ते बघायचं.

मी काढलं, तर रनवे नाकासमोर. एकदम नाकासमोर!

मॅडम: "पहिल्यांदा एवढी सरळ लाइन मी कुणाची बघितली नाही."

हे वाक्य लिहून ठेवतोय. म्हातारपणी वाचायला.

८ सप्टेंबर
राजशेखर माझा बॅचमेट, गडहिंग्लजचा. आम्ही दोघंच आहोत ट्विनवर. आज त्यानं हूड काढलं तर रनवे कुठल्या कुठं उजवीकडं. मॅडम म्हणाल्या, "निशिगंधाच्या मागं बस आणि बघ ती कशी करते."

बसला. मी मस्त केलं. उतरल्यावर म्हटलं, "काय पावणं, आलं का काय ध्यानात?"
"हं."
नंतर टपरीवर चहा पिताना हळूच, "निशा, मान का गं खाली करतेस? डायल तर समोर हायत."
"सवय," म्हटलं.

९ सप्टेंबर
सवय नाही. फट आहे.

१० सप्टेंबर
नीट लिहितो. हूडची डावी पट्टी सैल आहे. मान थोडी खाली केली की गालाजवळून मूठभर जमीन दिसते. पहिल्या दिवशी दिसली ती आमच्या गडमुडशिंगीची पाण्याची टाकी. शाळेची बस त्या टाकीखाली थांबायची, बारा वर्षं. टाकी, मग पोल्ट्रीचा पत्रा, मग ओढा. हे तीन ओळीत आले की मी लाइनवर. सुई बघायची गरजच नाही.

मी बघितलं न्हाय, दिसलं. चार अप्रोच केले, चारही वेळा "दिसलं".

१४ सप्टेंबर
रेटिंगची, म्हणजे ट्विन ढगातून चालवायच्या परवान्याची, टेस्ट २२ला. बाहेरून एक्झामिनर येणार, एकच दिवस, एकालाच जागा. मॅडमनी माझं नाव दिलं. राजशेखरचं पुढच्या महिन्यावर गेलं. त्यानं हातात हात दिला फक्त.

पप्पांनी डेरीत दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. शेजारच्या बनाबाई मम्मीला म्हणाल्या, "लेक डोळं झाकून इमान चालवतीया म्हणं?"

मी आत निघून गेलो.

१६ सप्टेंबर
सकाळपासून ढग खाली आलेले. मॅडम: "हूड राहू दे. आज खरं आहे."

आत शिरलो. सगळं पांढरं. अप्रोचला लागल्यावर मान आपोआप खाली डावीकडं गेली. तिथंही पांढरं. मान वर केली. अंग शपथेवर सांगत होतं, आपण उजवीकडं कलतोय. डायल सांगत होता, डावीकडं. मी अंगाचं ऐकलं. अजून डावीकडं दाबलं. स्पीड वाढत गेला.

"माय कंट्रोल," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. दहा सेकंदांत सरळ केलं.

खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "खऱ्या ढगात पहिल्यांदा सगळ्यांचं होतं. घाबरू नको. टेस्ट हूडखालीच आहे, तिथं तू पक्की आहेस."

म्हणजे गप्प बसलो तर पास.

१७ सप्टेंबर
सांगितलं. राजशेखर तिथंच बसलेला, त्याच्यासमोरच.

"मॅडम, मी फटीतून बघत होतो."
"कधीपासून?"
"पहिल्या दिवसापासून. चारही अप्रोच."

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी ट्रेनिंग फाइल काढली, सह्या केलेल्या चार ओळींवर एकेक करून काट मारली. मग: "ह्या परत करायच्या. टेस्टला राजशेखर."

तो उठलाच. "मॅडम, मला अजून नीट येत न्हाय."
"जेवढं येतं तेवढं खरं आहे ना? बस झालं."

घरी सांगितलं. पप्पांनी डेरीची वही मिटली. मग, "आता डेरीत काय सांगू?"
"डोळं उघडं ठेवून चालवत होती म्हणून सांगा."
हसले की ओ.

१९ सप्टेंबर
फटीला काळी टेप लावली. दोन पदर. पहिला अप्रोच: हूड काढलं तर रनवे दिसेचना, मागं वळून शोधला. दुसरा: बराच डावीकडं. तिसरा: थोडा डावीकडं. मॅडमनी तिन्हींवर आकडे लिहिले, वाईटच. आयुष्यात एवढ्या वाईट मार्कांवर एवढा खूश कधी झालो नव्हतो.

२१ सप्टेंबर
परत खरे ढग. परत अंग म्हणतंय उजवीकडं. म्हण तू. मी डायल बघणार. सुई मधे, पंख सरळ, उतरत आलो, आणि पांढरं फाटून रनवे आला. समोर! नाकासमोर नाही, जरासा बाजूला. टाकी कुठं गेली कुणास ठाऊक.

मॅडमनी फाइलमध्ये सही केली. मी ती सही तीनदा बघितली.

२२ सप्टेंबर
राजशेखर पास. काठावर, पण पास. हूड पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "टेप बरी लावलीस. मी पहिल्या दिवसापासनं त्या फटीत रुमाल कोंबत होतो."

हूड आमच्या दोघांत एकच आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग मॅडमना सांगितलं का न्हाईस?"
"तू सांगशील की, वाटलं."