आवाज बंद, कॅमेरा चालू

४ मार्च
आज परत हाणलं. शेगडीचं बटण उघडं राहिलं होतं, घरभर गॅसचा वास. नवऱ्यानं केसाला धरून ओढत नेलं आणि ओट्यावर डोकं आपटलं. "पोर आत झोपलीय! मारशील एक दिवस तिला." चूक माझीच. माझ्या विसराळूपणाला सगळं घर वैतागलंय.

७ मार्च
दुकानात फ्रेमची काच कापत होते. मालक म्हणाले, कपाळाला काय झालं? म्हटलं, दार लागलं. "तुमचं दार भलतंच खुनशी दिसतंय." आधी हसू आलं, मग हातातली काच भिंतीवर फोडावीशी वाटली. फोडली नाही.

९ मार्च
डॉक्टरणीनं सांगितलं होतं म्हणून एकदाची गटात गेले. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, विसरायला होतं असा त्रास असलेल्या मोठ्या माणसांचा गट, वाचनालयावरच्या खोलीत भरतो. गट चालवणाऱ्या ताईच किल्ली विसरून आल्या! मग सगळे जिन्यातच बसलो. कुणाचंच वाक्य पुरं होत नाही, तोवर दुसऱ्याचं सुरू. एक रिटायर ड्रायव्हरकाका मध्येच उठून खाली गेले, वर आले, कशाला गेलो होतो ते आठवेना. किती दिवसांनी हसले मी. ही माझी माणसं.

१५ मार्च
ताईंनी जोड्या लावून दिल्या. माझी काकांशी. रोज सकाळी व्हिडिओ कॉल — आवाज बंद, कॅमेरा चालू. ते त्यांची भांडी घासतात, मी माझा ओटा आवरते. बोलायचं नाही. कुणी तरी समोर आहे एवढ्यानंच काम तडीला जातं!

२२ मार्च
हल्ली बटण फिरवताना तोंडानं "बंद" म्हणते. तरी आज उघडं निघालं. पट्ट्यानं मारलं, बक्कल पाठीत रुतलं. मीही पातेलं फेकून मारलं, त्याच्या खांद्याला लागलं. तो शांतपणे म्हणाला, "बघितलंस? वेडी आहेस तू. पुन्हा वास आला की पोरीला माझ्या आईकडे नेऊन ठेवणार. कायमची." पोरीवाचून मी जगणार नाही.

२९ मार्च
आला वास. आंघोळीला गेले होते, तशीच ओढून बाहेर काढली. लाथा घातल्या, बरगडीत काहीतरी कट्ट वाजलं. पोरगी दारात उभी, भीतीनं मुतली. तिला काखोटीला मारून घेऊन गेला. ती हात पुढे करून रडत होती, मला उठताच येईना.

३० मार्च
काका आणि ताई घरी आले. काल कॉल बंद करायचा मीही विसरले, काकाही. माझा फोन ओट्यावर डब्याला टेकून तसाच चालू. काकांना त्यात सगळं दिसलं: मी आंघोळीला गेल्यावर नवरा आला, बटण उघडलं, गॅस पेटवला नाही, जरा थांबला, मग माझ्या नावानं ओरडला. काका फोनवर बोंबलत होते, पण आवाज बंद! त्यांनी आपल्या शेजारणीलाही बोलावून दाखवलं. काका आणि ती शेजारीण पोलिसांना सांगणार आहेत. आधी पोरीला आणायला निघालोय.

मी बटण बंद केलं होतं. मग इतका मार मी कशाचा खाल्ला?