रिकाम्या बंदुकीचा खुलासा

ती. काकांना,

हात जोडून, आणि या वेळी मानही जरा खाली घालून नमस्कार. काकूलाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता, की बाटलीच फळीवरून तुमच्याकडे बघत बसते? मागच्या रविवारी मी आलो नाही. तेवीस वर्षांत महिन्याचा पहिला रविवार चुकण्याची ही पहिलीच वेळ. (एकदा तापातही आलो होतो, आणि काकूने दारातूनच परत धाडलं होतं, पण आलो होतो.) या वेळी आलो नाही, कारण तुमचा निरोप मिळाला : बंदूक घरात असेपर्यंत त्यानं माझ्या दारात पाऊल ठेवू नये. निरोप काकूने फोनवर सांगितला, तुमच्यासारखा कडक आवाज काढून. मग शेवटी ‘जेवलास का रे’ विचारून सगळं बिघडवलं. वडिलांच्या माघारी मला हक्काचं असं तुमचं एकच दार आहे. ते उघडावं म्हणून हा खुलासा. लांबला तर सांभाळून घ्या. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुम्ही चौथीत माझ्या निबंधाखाली लाल शाईने लिहिलंच होतं.

त्या शनिवारी सकाळी मी लवकर उठलो, आंघोळ केली आणि देवापुढे उभा राहिलो. एरवी मी फारसं काही मागत नाही, नुसता उभा राहतो. त्या दिवशी मात्र अडखळलो. जुनी बंदूक विकत घ्यायला निघालेल्या माणसाने देवाकडे नेमकं काय मागावं? शेवटी म्हटलं, बंदूक चांगली निघू दे आणि तिच्यापायी कोणाच्या अंगावर ओरखडाही न येवो. तुमची सून मागे केर काढत होती. ती म्हणाली, “अहो, मग काठीच घ्या ना. देवालाही सोपं पडेल.”

बंदूक कशाला, हे आधी सांगतो, कारण तुम्हाला वाटत असेल की उतारवयात माझं डोकं फिरलं. गावाबाहेर नेमबाजीचा एक क्लब आहे. त्यांची जुनी रजिस्टरं बांधायला माझ्याकडे आली होती. (वाळवीने कणा खाल्लेला, पण कागद उत्तम.) ती परत द्यायला गेलो, तर तिथे मातीच्या तबकड्या यंत्राने हवेत भिरकावत होते आणि लोक त्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडत होते. तबकडीखेरीज कोणी मरत नाही, काका. पाखरूसुद्धा नाही, पाखरं त्या आवाजाने केव्हाच दुसरीकडे राहायला गेली आहेत. तिथे शिकवतात ते कर्नल (ही त्यांची पदवी नाही, टोपणनाव आहे, नोकरी सगळी पोस्टात झाली) म्हणाले, “बाइंडर, घ्या की एक हात.” पंचवीस तबकड्या उडाल्या, त्यातली एक माझ्याकडून फुटली. नुसता मातीचा धूर झाला. पाठीमागच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी काहीतरी फोडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं अठ्ठेचाळीस वर्षांत प्रथमच घडत होतं. तुमच्या सुनेला विचारा, घरात कप फुटला तर काय वाजतं ते. परवान्याला सात महिने लागले. तेवढ्यात मन बदलेल असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. नाही बदललं.

तर, बंदुकीचं दुकान. सायकलच्या दुकानामागे एक लांबट खोली, तेलाचा वास, भिंतीला टेकून उभ्या बंदुका, आणि जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक म्हातारे दुकानदार. त्यांनी एक दुनळी काढली, बिजागरीवर मोडून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं स्वतः पाहिलं, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता तुम्ही बघा.” मी म्हटलं, तुम्ही पाहिलंत ना. ते म्हणाले, “मी बघितलं म्हणजे तुम्ही बघितलं असं होत नाही.” काका, मला एकदम तुमचा पाढ्यांचा तास आठवला. शेजाऱ्याचं बघून उत्तर लिहिलं की तुम्ही हेच म्हणायचात.

मग मी बंदूक तपासली. जुनं पुस्तक तपासावं तशी तपासली, कारण मला दुसरं काही तपासता येत नाही. नळ्या सुट्या करून खिडकीकडे धरल्या. आत उजेडाची कडी एकात एक गोल दिसत गेली, कुठे पोचा नाही, गंजाचे खड्डे नाहीत. म्हाताऱ्यांनी नळ्या एका बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवल्या. घंटेसारखा नाद निघाला. जोड सुटलेला असता तर फुटक्या मडक्यासारखा वाजला असता, म्हणाले. नळ्या परत जोडून बंदूक हलवून पाहिली. बिजागरी खिळखिळी नव्हती. (पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांना धरून आम्ही हेच करतो. पानं लटकली की समजावं, शिवण गेली.) चाचणीचे शिक्के पाहिले. दस्त्यावरून, म्हणजे खांद्याला लावतात त्या लाकडी भागावरून, अंगठा फिरवला, चीर नाही. एकदा खांद्याला लावूनही पाहिली. मात्र मागून नजर लावली तेव्हा दस्ता एका बाजूला किंचित वळलेला दिसला. दमट हवेत पुठ्ठा वळतो तसा. मी मनात म्हटलं, लाकूडही बिचारं म्हातारं झालंय. एवढ्या वयाच्या माणसासमोर वाकलेल्या वस्तूला नाव ठेवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून गप्प बसलो. सबंध तपासणीत विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता. बाकी एकेचाळीस मी विचारले. (म्हातारे मोजत होते.)

निघताना त्यांनी बजावलं : बंदूक सुटी करून खोळीत, परवाना खिशात, काडतुसं बरोबर न्यायची नाहीत, ती मागाहून क्लबमार्फत घ्यायची, खोळ हातावेगळी करायची नाही, आणि वाटेत कुठेही न थांबता थेट घरी. हे सगळं मी अक्षरशः पाळलं. खोटं बोलू नये, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलेलं. तिथेच घोळ झाला. बसमध्ये कंडक्टरने खोळीकडे बोट दाखवून विचारलं, “काय आहे यात?” मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात (हेही तुम्हीच शिकवलेलं) सांगितलं, “बंदूक आहे. रिकामी आहे. सुटी केलेली आहे. परवाना आहे. काडतुसं नाहीत.”

कंडक्टर म्हणाला, “साहेब, मी सामानाच्या तिकिटासाठी विचारलं.”

माझ्या शेजारचे दोघे उठून गेले. मग पुढचे तिघे. खच्चून भरलेल्या बसमध्ये मी तिघांच्या बाकावर एकटा, मांडीवर परवाना उघडा धरून. इतकी मोकळी जागा मला आयुष्यात मिळालेली नाही, आणि इतकं अवघडूनही मी कधी बसलेलो नाही. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चढली आणि सरळ येऊन शेजारी बसली. तिला कोणीतरी खुणेने सांगितलं. तिने खोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बरं झालं बाबा भेटलास. हा मेला माझ्या वळणावर कधी थांबवत नाही. तू सांग त्याला.” मी म्हटलं, आजी, तसं नसतं हो. पण तोवर ड्रायव्हरने ऐकलं होतं. बस वळणावर थांबली. नुसती थांबली नाही, आजी उतरून रस्ता ओलांडेपर्यंत थांबून राहिली. आता मागच्या दारापाशी आपल्या गावचा पिठाच्या गिरणीवाला उभा होता, हे मला काय ठाऊक! तुमच्यापर्यंत बातमी पोचली ती ‘पुतण्याने बंदूक दाखवून बस अडवली’ अशी. अडवली हे खरं. दाखवली नाही. खोळीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

घरी तुमच्या सुनेने अट घातली की बंदूक असेल त्या खोलीत ती झोपणार नाही. आमच्या खोल्या दोनच. पुढची बांधणीची आणि मागची. म्हणून बंदूक पुढच्या खोलीत लोखंडी कपाटात, कुलपात राहिली. पण मला तो वाकलेला दस्ता स्वस्थ बसू देईना. काका, हसू नका. मी तो काढला, दोन्ही बाजूंना जाड लोकरी नमद्याचे तुकडे लावले आणि शिकंज्यात, म्हणजे पुस्तकं दाबायच्या आमच्या लोखंडी यंत्रात, दोन दिवस आवळून ठेवला. माझ्या शिकंज्याने कायद्याचे जाडजूड ग्रंथ सरळ केले आहेत. हा दस्ता हलला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ज्याने वळवलाय त्याने मुद्दाम वळवला असेल, विचारा तरी कोणाला.” मी लाकडातलं तिला काय कळतंय म्हणून लक्ष दिलं नाही.

क्लबवर तीन शनिवार गेलो. पंच्याहत्तर तबकड्या उडाल्या आणि पंच्याहत्तर सुखरूप गवतात उतरल्या. उजवा गाल सुजला. चौथ्या शनिवारी कर्नलनी बंदूक मागितली, उघडली, पाहिली, मागून नजर लावली आणि मटकन बाकावर बसून हसायला लागले. “अहो बाइंडर, ही डावखुऱ्याची आहे! डाव्या गालाला बसावी म्हणून मुद्दाम वळवून घेतलेली.” मग डोळे पुसत म्हणाले, “आता आणलीच आहे तर लावा डाव्या खांद्याला. आणखी वाईट काय होणार आहे?”

मी लावली. काका, ती बसली. कशी ते मला सांगता येत नाही. रोजच्या उशीवर डोकं टेकावं तशी. दहा तबकड्या उडाल्या. सात फुटल्या. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कर्नल हसायचे थांबले होते. त्यांनी विचारलं, “तुम्ही डावरे आहात हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

माहीत होतं. विसरलो होतो. मी पहिलीत होतो आणि पाटीवर डाव्या हाताने लिहायचो. तुम्ही तो हात बाकाला बांधायचात, तुमच्या स्वतःच्या रुमालाने. दोरीने नाही. रुमाल रोज धुतलेला असायचा, इस्त्रीची घडी असायची. शाळा सुटली की गाठ तुम्हीच सोडायचात आणि घरी पोचेपर्यंत माझं मनगट चोळत चालायचात. एक शब्द बोलायचा नाहीत. तेव्हा मला वाटायचं तुम्ही रागावलेले आहात. त्या शनिवारी क्लबच्या बाकावर बसून प्रथमच वाटलं की तुम्हाला ते आवडत नव्हतं. तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही घडवलेल्या उजव्या हाताने तीस वर्षं सुई ओढली, कागद कापला, संसार केला. सुरी कधी घसरली नाही. फक्त खांदा काही शाळेत गेला नव्हता, तो तसाच राहिला. तरी तुमचं शिकवणं मोडल्यासारखं वाटलं, म्हणून बंदूक परत करायला म्हाताऱ्यांकडे गेलो होतो, तर ते म्हणाले, “तुम्ही आलात तेव्हा पहिल्यांदा डाव्याच खांद्याला लावून बघितलीत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.” मग परत केली नाही.

आता तुमच्या अटीचं. बंदूक माझ्या घरात नाही. क्लबच्या लोखंडी कपाटात आहे, रीतसर नोंद करून. म्हणजे निरोपाचा अक्षरार्थ पाहिला तर मी दारात पाऊल ठेवायला मोकळा आहे. पण ही पळवाट झाली, आणि तुम्ही पळवाटेला शून्य मार्क देता. म्हणून सरळ सांगतो : बंदूक मी ठेवली आहे, ठेवणार आहे, आणि येत्या रविवारी येणार आहे. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी बाहेर थोडा वेळ थांबेन. उभं राहायची मला सवय आहे.

तुमचा पुतण्या आणि जुना विद्यार्थी

ता. क. १ : तुमच्या सुनेने पत्र वाचलं. ती म्हणते शिकंज्याचं गाळा, लोक हसतील. आणि ‘लाकडातलं तिला काय कळतंय’ हे तर आधी गाळा. मी ठेवलंय. शिक्षा म्हणून.

ता. क. २ : काकूला रागावू नका, पण परवा फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं, तर या वेळी ती ‘जेवलास का रे’ विचारायलाही विसरली. मग म्हणाली, तुझे काका दाढी दार लावून का करतात माहीत आहे का? डाव्या हाताने करतात. पन्नास वर्षं. त्यांचा हात त्यांच्या वडिलांनी बांधला होता. काका, एवढं लांबलचक पत्र लिहिलं त्यामागची खरी विनंती ही : रविवारी आपण समोरासमोर बसू तेव्हा पेला तुम्हाला हवा त्या हातात धरा. मी बघणार नाही. किंवा बघेन, पण बोलणार नाही.

ता. क. ३ : हे डाव्या हाताने लिहितो आहे. बरेच दिवस लिहीन म्हणत होतो. आज लिहिलं. एवढ्याला पाऊण तास लागला. अक्षर तुम्हाला चालणार नाही. पत्ता मात्र उजव्यानेच लिहिला आहे. पोस्टमनचा यात काही दोष नाही.