हर्शेलकाकांची जागा

टेकडीवरून, मिझुरी

प्रिय हर्शेलकाका,

गेल्या वर्षी तुम्ही टेक्ससला लेकीकडे होतात, तेव्हा आमच्या बोअरला पाणी लागलं. बोअरवाला फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो. मशीन जसजसं खाली जात होतं, तसतशी मी नव्या घरातून आधी पडवी, मग एक खोली मनातल्या मनात वजा करत होते. पाणी उसळलं तेव्हा डॅरिल आणि मी, नवरा-बायको दोघं, चिखलात नाचलो.

पण तुमच्या जागी नाही लागलं, काका. तुम्ही पंचक्रोशीचे पाणाडे. जाण्याआधी पीचच्या फांदीची बेचकी धरून जागा दाखवलीत. मग सांडपाणी कुठं मुरेल ते बघायला सरकारी माणसानं ठिकठिकाणी खड्ड्यांत पाणी ओतलं, ते मुरलं फक्त तिथंच. म्हणून संडासाचं पाणी मुरवायचे पाइप तिथं गाडले, आणि बोअर नियमानं लांब, गोठ्यामागे घेतली.

काल तिथलं हिरवंगार गवत पाहून तुम्ही टोपी काढलीत. "बघ लेटा! म्हटलं नव्हतं?" तुमचे डोळे भरले.

मी म्हटलं, "तुमचा हात कधी चुकलाय का, काका?"

हे पत्र मी टाकणार नाही. फक्त उद्या तिथं लावायला टोमॅटोची रोपं आणताय, ती कशी अडवू?

तुमची भेकड पुतणी,
लेटा