एका घरात एकच

सेल्मा, ७ ऑगस्ट १९९९

चि. डेल्फीनला ओडेसाआत्याचे अनेक आशीर्वाद.

आमची लॅट्रिस तुझ्याच विद्यापीठात येते आहे. मी म्हटलं, मी कॉलेजात असताना होते त्या भगिनीमंडळात जा, मुली एकाच घरात बहिणींसारख्या राहतात तिथे. आपल्याच काळ्या मुलींचं आहे, मायेचं आहे. तर कसलं काय! बाईसाहेबांना तुझ्याच गोऱ्या मंडळाचं घर हवं. तू त्या घरातली पहिली काळी मुलगी झालीस, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. बहीण आत असली की वशिला लागतो म्हणे. तर लाव बाई. पेकनच्या दाण्यांच्या वड्या पाठवल्यात, त्या गोऱ्या बहिणींनाही दे.

मायेत कसूर करू नकोस.
तुझी आत्या

२६ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

वड्या उघडल्या आणि संपल्या! लॅट्रिस सगळ्यांना आवडली आहे. निवडीच्या आठवड्यात आम्हाला नव्या मुलींशी बोलायची बंदी असते, सख्ख्या बहिणीशीसुद्धा. त्यामुळे रांगेतून तिने हाक मारली तेव्हा मी नुसती हसले. तिला राग आला असेल, समजूत काढ. तिचं होणारच, काळजी नसावी.

लोभ आहेच, तो वाढू दे.
डेल्फीन

६ सप्टेंबर

डेल्फीन,

काल हिरवळीवर निवडलेल्या मुलींची नावं पुकारली. पोरी किंचाळत आपापल्या घरांकडे पळाल्या आणि माझी लेक नव्या पांढऱ्या झग्यात तिथेच उभी राहिली. बसने घरी आली ती जेवलेली नाही. परत जाणार नाही म्हणते. काय झालं ते सरळ सांग. साखर पेरू नकोस.

आत्या

१२ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

मुलींनी होच म्हटलं होतं गं. पण शेवटच्या बैठकीला गावातल्या जुन्या सभासद बायका येतात. त्या म्हणाल्या, मुलगी गुणी आहे, पण आपल्याकडे डेल्फीन आहे ना. एकाच घरात दोन कशाला? मी म्हटलं, माझी आतेबहीण आहे ती. तर एकीने माझा हात थोपटला आणि म्हणाली, मग ती तुला सुट्टीत भेटतेच की. सगळ्या हसल्या. आत्या, मीही हसले.

मी घर सोडलेलं नाही. आत राहिले तर पुढच्या वर्षी काही करता येईल. मला टाकू नकोस.

डेल्फीन

१८ जून २०००

डेल्फीन,

शेजारच्या विल्हेल्मिनाबाई नातीला आलेलं तुमच्या मंडळाचं रंगीत माहितीपत्रक मिरवत आल्या. म्हणाल्या, बघ, आपल्या किती पोरी आहेत तिथे! आता माझी नातही जाणार. मी चष्मा लावून पाहिलं. झोपाळ्यावर तू, पिवळ्या झग्यात. पायरीवर तू, केस बांधून. बागेत तू, टोपी घालून. पियानोशी तू, चष्मा लावून. डोळे तर तुझे ठणठणीत आहेत! कपडे बदलून बदलून उभी राहिलीस, बये? तुला लाज कशी नाही वाटली?

लॅट्रिसने पत्रक ओढून घेतलं, एकेका फोटोवर बोट ठेवलं. मग मला म्हणाली, म्हणजे चौघींना जागा होती की गं, आई.

लोभ कुणाकडे मागायचा असतो, तेवढं मला कळतं. म्हणून ‘लोभ असावा’ न लिहिता इथेच थांबते.

ओडेसा